पवित्र दगड

लाकडाची उघडी जमीन आपल्या घरांना फारशी परिचयाची नाही. आपले जुने घर मातीचे. त्याची जमीन धुमसाने चोपून आणि शेणाने सारवून केलेली. पुढे शहाबादी फरशी आली, कोबा आला. वाड्याच्या माडीला तक्तपोशी असे खरी, पण पुष्कळदा तिच्यावरही मातीचा थर देऊन ती सारवीत. त्यामुळे पायाखाली लाकूड उघडे ठेवावे, ते रोज पहाटे घासावे आणि त्याच्या पांढरेपणावरून धन्याची योग्यता ठरवावी, ही कल्पना आपल्याला परकी वाटते. कोकणच्या माणसाला मात्र ती तितकी परकी वाटू नये. आगबोटीचे डेकचे तिकीट काढून आणि त्या फळ्यांवर वळकटी पसरून त्याच्या पिढ्या मुंबईस आल्या. आणि त्याच्याच आळीतला एखादा चुलता विलायती बोटीवर तसल्याच फळ्या घाशीत दुनियेची बंदरे पाहून आला.

जहाजांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तोफा मोजल्या, शिडे मोजली, दर्यासारंगांची चरित्रे लिहिली. पण जहाजावरच्या सामान्य माणसाचा दिवस ज्या कामाने उजाडत असे, ते डेक घासण्याचे काम बहुधा एखाद्या वाक्यात उरकलेले आढळते. वास्तविक या कामाला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो. ही स्वच्छता कोणासाठी? लाकडासाठी, लाकडावर राहणाऱ्या माणसासाठी, की वरून पाहणाऱ्या साहेबासाठी? निरनिराळ्या काळी या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी दिली गेली, आणि प्रत्येक उत्तराची किंमत गुडघे टेकून बसलेल्या माणसाने मोजली.

प्रथम लाकडाचे पाहू. घरातल्या लाकडी जमिनीचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ साली काही दालनांतल्या संगमरवरी फरश्या काढून तेथे लाकडी नक्षीच्या जमिनी बसविल्या. त्याचे कारण असे सांगतात की, संगमरवर धुण्याचे पाणी खाली झिरपून तुळया कुजत होत्या. लाकडी जमिनीला पाणी लावायचेच नाही. तिला मेण द्यायचे आणि पायांना ब्रश बांधून, नाचल्यासारखे पाय हलवीत ती घोटायची. या कामासाठी श्रीमंतांच्या घरी वेगळे नोकर असत. घरच्या लाकडाचा धर्म असा कोरडेपणाचा.

जहाजाच्या डेकचा धर्म याच्या अगदी उलट. डेक ही वर चालणाऱ्यांची जमीन आणि खाली झोपणाऱ्यांचे छप्पर. शेजारी शेजारी बसविलेल्या लांब फळ्यांमध्ये जी फट राहते तीत जुन्या डांबरी दोरांचा पिंजून काढलेला वाख ठोकून बसवीत आणि वर कढत डांबर ओतीत. हा वाख पिंजण्याचे काम इंग्लंडात तुरुंगांतले कैदी आणि अनाथालयांतली माणसे करीत. डिकन्सच्या ऑलिव्हर ट्विस्टला लहानपणी याच कामाला लावलेले आपण वाचतो. तर अशा रीतीने बुजविलेली ही फट ऊन लागले की उघडते, कारण फळी वाळून आक्रसते. फट उघडली की पावसाचे पाणी आत शिरते, आणि मग खालच्या माणसाच्या अंथरुणावर थेंब पडू लागतात. म्हणून डेक ओला ठेवावा लागतो, तोही समुद्राच्या पाण्याने. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजविणारी बुरशी सहसा वाढत नाही. शिवाय फळीत मुरलेले मीठ हवेतली ओल धरून ठेवते आणि फळी फुगलेली राहते. गोडे पाणी मात्र लाकडाला घातक. उन्हाळी प्रदेशांतून जाताना सकाळ-संध्याकाळ डेकवर समुद्राचे पाणी मारण्याची जी चाल होती, तिच्या मुळाशी ही शुद्ध व्यावहारिक अक्कल होती. लाकडाने मागितलेली स्वच्छता एवढीच होती.

*

पण नुसत्या पाण्यावर भागत नाही. डांबराचे ओघळ, तोफांच्या दारूची काजळी, कोंबड्या-बकऱ्यांची घाण आणि शेकडो अनवाणी पायांचा मळ फळीत बसतो. तो काढण्यासाठी इंग्रजी आरमारात वाळू आणि मऊ वालुकाश्माचा दगड वापरीत. या दगडाला नाव होते ‘होलीस्टोन’, म्हणजे पवित्र दगड. नावाच्या व्युत्पत्तीविषयी खलाशांमध्ये निरनिराळ्या कथा होत्या. कोणी म्हणत, हे काम प्रार्थनेला बसल्यासारखे गुडघे टेकून करावे लागते म्हणून दगड पवित्र. कोणी म्हणत, आइल ऑफ वाइट बेटावर सेंट हेलेन्स येथे समुद्राने खाल्लेले एक जुने देऊळ आहे, त्याच्या पडक्या भिंतींचे दगड जहाजांवर आणीत म्हणून ते पवित्र. तिसरी कथा ग्रेट यार्मथच्या चर्चमधल्या थडग्यांच्या शिळांची. यातली खरी कोणती हे ठरविण्यापेक्षा या कथांतली थट्टा ध्यानात घेण्यासारखी आहे. दगडाच्या मोठ्या चिपेला खलाशी ‘बायबल’ म्हणत, आणि कोपऱ्याकानाशी घासायच्या लहान तुकड्याला ‘प्रार्थनापुस्तक’. जड वजनाचा एक घासणा दोरांनी दोन्ही बाजूंस ओढीत. त्याचे नाव ‘अस्वल’. बायबलातल्या आज्ञेचे एक विडंबनही त्यांनी रचले होते आणि त्यात देवाच्या विश्रांतीच्या दिवशीच डेक घासण्याचा हुकूम सुटतो. ज्यांना तक्रार करण्याची मुभा नसते ती माणसे अशी नावे ठेवून मन हलके करतात.

पहाटे चारच्या पहाऱ्याबरोबर काम सुरू होई. विजारी गुडघ्याच्या वर गुंडाळायच्या, पाय उघडे. मग हौदातून वा बाजूने बादल्या ओढून पाणी टाकायचे, वर वाळू पसरायची आणि रांगेने बसून दगड पुढेमागे ओढीत जायचे. उत्तर समुद्रातल्या जानेवारीत काय किंवा विषुववृत्तावर काय, क्रम तोच. नंतर वाळू धुऊन काढायची आणि जुन्या दोरांच्या धाग्यांचे मोठमोठे बोळे आपटून डेक कोरडा करायचा. हे सारे साधारणपणे आठ वाजताच्या न्याहारीपूर्वी आटपले पाहिजे. नेल्सनचे जहाज ‘व्हिक्टरी’ घेतले, तर त्याच्या तोफांच्या एका मजल्याची लांबी १८६ फूट होती, आणि असे तीन मजले एकावर एक. यावरून कामाच्या आवाक्याची कल्पना येईल.

लढाईपूर्वीही वाळू पसरीत, पण ती दुसऱ्या कारणासाठी: फळ्यांवर रक्त सांडल्यावर तोफ ओढणाऱ्यांचे पाय घसरू नयेत. त्याच फळ्या दुसऱ्या दिवशी पुन्हा घासून पांढऱ्या करायच्या असत.

*

आता माणसाचे पाहू. वरचा डेक उघड्या हवेत होता. त्यावर पाणी टाकले तरी वाऱ्याने आणि उन्हाने वाळे. खालच्या मजल्यांची गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक माणसाच्या झोळीला नियमाने १४ इंच रुंदीची जागा मिळे. अर्धी माणसे पहाऱ्यावर असत म्हणून प्रत्यक्षात ती २८ इंच होई, एवढेच. ट्रॅफल्गारच्या वेळी ‘व्हिक्टरी’वर सुमारे ८२० माणसे होती. तोफांची दारे वादळात बंद असत. अशा जागी शिस्तीपायी खारे पाणी ओतून घासले म्हणजे ते वाळणार कोठे? जे मीठ वरच्या डेकचे औषध, तेच खालच्या मजल्याचे विष झाले. ते फळ्यांत मुरे, दमट हवेतली ओल शोषून घेई, आणि मजला कधी पूर्ण कोरडा होतच नसे. अंथरूण ओले, कपडे ओले, आणि छाती भरलेली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काही जाणत्या माणसांच्या ध्यानात आले. कॅप्टन कुकने १७७२ ते १७७५ या आपल्या दुसऱ्या सफरीत खालचे मजले विस्तवाने शेकून कोरडे ठेवले, बंदुकीची दारू आणि व्हिनेगर यांच्या धुराने शुद्ध केले, अंथरुणे वर आणून वाळविली. या उपायांवर त्याने लिहिलेल्या निबंधाबद्दल रॉयल सोसायटीने १७७६ साली त्यास कोप्ले पदक दिले. वेस्ट इंडीजच्या आरमाराचे वैद्य गिल्बर्ट ब्लेन यांनी खलाशांच्या रोगांवर १७८५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे आरमारात लिंबाचा रस सुरू झाला तो मुख्यतः त्यांच्याच खटपटीने. चॅनेलच्या आरमाराचे वैद्य टॉमस ट्रॉटर यांचा ग्रंथ १७९७ पासून प्रसिद्ध होत गेला. या वैद्यांचा कल कोरडेपणाकडे होता. अंधाऱ्या, बंद मजल्यावर पाण्याचे लोट सोडणे ही त्यांना आरोग्याची नव्हे, रोगाची तयारी वाटे. यातून कोरड्या घासणीची पद्धत निघाली: पाणी न घालता नुसत्या वाळूवर दगड फिरवायचा आणि वाळू झाडून काढायची.

येथे आजच्या ज्ञानाने एक दुरुस्ती केली पाहिजे. त्या काळच्या वैद्यांचा समज असा की, ओलीतून आणि घाणीतून विषारी वाफा निघतात आणि त्यांनी ताप येतो. जहाजांवरचा भयंकर ताप म्हणजे टायफस, आणि तो कपड्यांतल्या उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल याने १९०९ साली दाखवून दिले. तेव्हा मजला कितीही पांढरा केला तरी तापाला त्याची दाद नव्हती. माणसाला धुतलेला कपडा आणि कोरडी झोळी हवी होती. वैद्यांचे कारण चुकले, पण सल्ला बरोबर होता. माणसाने मागितलेली स्वच्छता वेगळी होती आणि त्याच्या वाट्याला येत होती ती वेगळी.

हा सल्ला सर्वांनी ऐकला असे मात्र झाले नाही. हर्मन मेलव्हिल १८४३-४४ साली अमेरिकेच्या ‘युनायटेड स्टेट्स’ या युद्धनौकेवर साधा खलाशी होता. त्या अनुभवावर त्याने १८५० साली ‘व्हाइट जॅकेट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. फटक्यांच्या शिक्षेवरचा त्याचा हल्ला सर्वांच्या ध्यानात राहिला. पण त्याच पुस्तकात ओल्या डेकविषयीही तो तितक्याच त्वेषाने बोलतो. हवा कोणतीही असो, डेक पाण्याखाली घालायचा. मग माणसाला बसायला कोरडी जागा उरत नाही, आणि त्या ओलीपायी माणसे आजारी पडतात, ही त्याची तक्रार आहे. कुकला पदक मिळून तेव्हा पाऊणशे वर्षे होत आली होती.

*

या पाण्याला, उन्हाला आणि दगडाला तोंड देणारे लाकूडही तसेच हवे. इंग्लंडची जहाजे ओकची. ओकमध्ये एक आम्ल असते, ते लोखंडी खिळे खाते. आणि अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी तर चांगला ओकच दुर्मिळ झाला. येथे आपल्या सागवानाचा प्रवेश होतो. सागात जात्याच तेलकट द्रव्य असते, त्यामुळे त्याला कीड व कूज लवकर लागत नाही. ते पाण्याने फार फुगत नाही, उन्हाने फार आक्रसत नाही, आणि खिळ्यांना खात नाही. त्यात सूक्ष्म वाळूचा अंशही असतो. सुताराची हत्यारे त्याने बोथट होतात. डेकसाठी याहून सोयीचे लाकूड शोधून सापडले नसते, कारण ते ओले असतानाही पाय घसरू देत नाही.

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि १७५० साली मुंबईच्या गोदीत कोरडी गोदी बांधून झाली. त्यांच्या वंशजांनी या गोदीत बांधलेल्या जहाजांची कीर्ती अशी झाली की, इंग्रजी आरमारानेच आपल्या युद्धनौकांची मागणी तेथे नोंदविली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ७४ तोफांची ‘मिंडेन’ १८१० साली पाण्यात उतरली. १८१३ सालच्या ‘कॉर्नवॉलिस’वर पुढे २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी उतरलेली ‘त्रिंकोमाली’ अजून तरंगत आहे. तिची गोष्ट शेवटी येईलच. हे सागवान बहुतांशी मलबारचे. त्याची ओढ इतकी लागली की, कंपनी सरकारने १८०६ साली कॅप्टन वॉटसन यास मलबारच्या जंगलांवर अधिकारी नेमले, आणि त्याच्या कारभाराविरुद्ध इतका ओरडा झाला की १८२३ साली ती जागा मोडावी लागली. पुढे १८४० नंतर कलेक्टर कॉनॉली याने निलंबूर येथे मुद्दाम सागाची लागवड सुरू केली.

पुढे जहाजे लोखंडाची झाली, वाफेवर चालू लागली. पण सागवान सुटले नाही. १८६० साली उतरलेल्या ‘वॉरियर’ या लोहकवची नौकेच्या साडेचार इंच जाडीच्या पत्र्यामागे १८ इंच सागवान होते. लोखंडाचा डेक उन्हात तापतो, थंडीत गारठतो आणि ओला झाला की निसरडा होतो. म्हणून त्याच्यावरही सागाच्या फळ्या बसवीत. मलबारचे साग संपत आले तेव्हा व्यापाऱ्यांची नजर ब्रह्मदेशाकडे वळली. १८६३ साली मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. तिने तोडलेल्या सागाचा पुरता कर भरला नाही म्हणून थिबा राजाच्या दरबाराने १८८५ साली तिला जबर दंड केला. ब्रह्मदेशात फ्रेंचांचे पाऊल पडेल ही धास्ती इंग्रजांना होतीच; दंडाचे निमित्त झाले, नोव्हेंबरात फौजा निघाल्या, महिनाअखेर मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाले. थिबाला कैद करून इंग्रजांनी जेथे आणले ते गाव म्हणजे रत्नागिरी. तेथे तो १९१६ साली मरेपर्यंत, तीस वर्षे राहिला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तेथे आजही उभा आहे.

*

याच रत्नागिरी जिल्ह्यातून त्या काळी माणसे मुंबईस जाऊन बोटीवर चढत होती. ‘पी. अँड ओ.’ कंपनीची सनद १८४० सालची. तिच्या आगबोटी १८४२ पासून सुएझच्या पलीकडे हिंदुस्थानाकडे येऊ लागल्या. या बोटींवर कामाची वाटणी मुलखावार असे. जेवणघर आणि खोल्या सांभाळणारे गोवेकर. त्यांच्या गावोगावच्या ‘कुडी’ मुंबईत धोबीतलाव-माझगावकडे होत्या. भट्टीवर पंजाबी आणि पठाण. आणि डेकवर गुजरातच्या किनाऱ्याचे व कोकणचे, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान दर्यावर्दी. त्यांच्यावर सारंग, सारंगाच्या हाताखाली तांडेल. सारंग बहुधा आपल्याच गावची, नात्यातली माणसे आणी. साहेबाचा हुकूम सारंगाकडून ज्या भाषेत खाली येई ती ‘लश्करी’ बोली म्हणजे हिंदुस्तानी, फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी यांची खिचडी. टॉमस रोबक याने तिचा कोश १८११ साली कलकत्त्यास छापला होता, तो नव्या साहेबांना हुकूम सोडता यावेत म्हणून.

सागासाठी ज्याचे राज्य गेले तो राजा रत्नागिरीच्या टेकडीवर बसून समुद्राकडे पाहत होता, आणि त्या टेकडीखालच्या खाड्यांमधली माणसे सागाचे डेक घासायला त्याच समुद्रावरून जात होती. दोघांना एकमेकांची कल्पना असण्याचे कारण नव्हते. परंतु त्या दोघांचा संबंध जोडणारी वस्तू एकच होती.

या माणसांना काय मिळे? वेतन युरोपीय खलाशाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतके. आणि राहायला? इंग्रज खलाशाला कायद्याने ७२ घनफूट जागा द्यावी लागे, ती १९०६ च्या कायद्याने १२० घनफूट झाली. हिंदी खलाशासाठी हा आकडा ३६ घनफूट होता. ३६ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी. ज्या डेकवर पहिल्या वर्गाचे उतारू सकाळी फेरफटका मारीत, तो त्यांचे डोळे उघडण्यापूर्वी धुऊन, घासून, वाळवून तयार असे. तो तयार करणारा माणूस त्या वेळी पुढच्या टोकाला, आपल्या पेटीएवढ्या जागेत परतलेला असे. १९१४ साली इंग्रजी व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते.

आणखी एक गोष्ट आपण आपल्याकडे पाहूनच सांगितली पाहिजे. डेक घासणे हे डेकवरच्या खलाशांचे काम. परंतु शौचकूप साफ करणे त्यांचे नव्हे. त्यासाठी ‘टोपास’ नावाचा वेगळा माणूस नेमीत. हा शब्द मुळात पोर्तुगीज वळणाच्या मिश्र ख्रिस्ती लोकांचा. पुढे बोटीवर त्याचा अर्थ झाडूवाला असा झाला, आणि त्या जागी बहुधा भंगी म्हटल्या जाणाऱ्या जातीतला माणूस येई. हजारो मैल पाणी ओलांडले तरी आपली उतरंड आपण बोटीवर चढविली होतीच. साहेबाने ती वापरून घेतली, एवढेच.

*

आता राहिला तो पाहणारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी आरमाराला मोठे युद्ध उरले नाही. तेव्हा अधिकाऱ्याची पारख कशावरून व्हावी? डेकच्या पांढरेपणावरून, पितळेच्या झळाळीवरून आणि रंगावरून. कोळसा भरण्याच्या दिवशी सारे जहाज काळे होई आणि पुढे कित्येक तास ते पुन्हा पांढरे करण्यात जात. तोफांच्या सरावाने रंग काळवंडतो, म्हणून सराव टाळावा, अशी वृत्ती बोकाळली. पर्सी स्कॉट या अधिकाऱ्याने याविरुद्ध जन्मभर झगडा केला. १८९९ साली ‘सायला’ या आपल्या जहाजावर त्याने नेमबाजीत शंभरात ८० गोळे लागू करून दाखविले, तेव्हा इतर जहाजांचे अपयश उघडे पडले. १९०७ साली जहाजांच्या रंगरंगोटीवरूनच त्याचे आणि लॉर्ड बेरेस्फर्डचे जाहीर भांडण झाले. शोभेचे काम युद्धाच्या कामाला गिळून बसले होते.

आणि गंमत अशी की, ज्या लाकडाच्या नावाने हे चालले होते त्याचेही यात हित नव्हते. दगड मळ काढतो तो फळीचा पापुद्रा काढूनच. सागाच्या फळीत मऊ आणि कठीण रेषा आळीपाळीने असतात. घासणीने मऊ भाग आधी झिजतो, कठीण रेषा वर उभ्या राहतात, मग त्या सपाट करण्यासाठी आणखी दगड. फळी पातळ झाली की फटीतला वाख धरेनासा होतो, खिळ्यांची डोकी वर येतात आणि डेक गळू लागतो. म्हणजे गळू नये म्हणून सुरू झालेले काम शेवटी गळतीलाच कारण झाले. अमेरिकेच्या नौदल खात्याने १९३१ साली हा हिशेब मांडला आणि फळ्या फार झिजतात या कारणाने दगडाच्या वापराला आळा घालणारा हुकूम काढला. खलाशाच्या गुडघ्यांसाठी वा छातीसाठी जे झाले नव्हते ते फळीच्या किमतीसाठी झाले. तरीही १९५० नंतरच्या अमेरिकी युद्धनौकांवर तरुण शिकाऊ अधिकारी रांगेने उभे राहून, काठीच्या टोकाला दगड धरून सागवानी डेक घाशीत असल्याची छायाचित्रे आहेत. हुकमापेक्षा सवय दांडगी असते. आज सागाच्या डेकची निगा राखणारे सांगतात ते फार साधे आहे: खारे पाणी, मऊ ब्रश, रेषेला आडवा हात आणि हलका जोर. सागाला उन्हाने जो रुपेरी करडा रंग येतो तो मळ नव्हे. तो काढण्याची गरज नाही.

हिंदी खलाशांचे म्हणायचे तर सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटताच त्यांनी इंग्लंडच्या आणि इतर बंदरांत संप केले, आणि वेतनवाढ मागितली. कित्येकांना तुरुंगात टाकण्यात आले. पण वेतन वाढवावे लागले. युद्धाच्या धामधुमीत साहेबाला प्रथमच कळले की, बोट हलते ती या माणसांमुळे.

पोर्टस्मथ येथे १९२२ पासून कोरड्या गोदीत ठेवलेल्या ‘व्हिक्टरी’ला आज तोफगोळ्यांचे भय नाही, भय आहे ते पावसाच्या गोड्या पाण्याचे. ते फटींतून खाली झिरपते आणि आतले लाकूड कुजविते. २०२२ पासून तिची मोठी दुरुस्ती हाती घेतली आहे ती मुख्यतः याचसाठी. डेक समुद्रावर होता आणि रोज खाऱ्या पाण्याने भिजत होता तेव्हा त्याला जे दुखणे कमी होते, ते किनाऱ्याला विसावल्यावर वाढले. मुंबईची ‘त्रिंकोमाली’ कित्येक वर्षे ‘फूद्रोयाँ’ या नावाने मुलांचे शिक्षणाचे जहाज होती. १९८७ साली तिला हार्टलपूल येथे नेले, आणि २००१ साली तिची दुरुस्ती पुरी झाली. वाडियांनी बांधलेल्या सांगाड्यातले बरेच सागवान तिच्यात अजून शाबूत आहे. डेकच्या फळ्यांचे तसे नसते. त्या झिजायच्या आणि बदलायच्याच असतात.

बांधणाऱ्याचे नाव राहते, कारण त्याचे काम राहते. घासणाऱ्याचे काम दुसऱ्या दिवशी पहाटे पुसले जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आपल्या घरी सारवणाऱ्या बायकांचेही हेच होते. दिवाळीच्या आधी ओटी-पडवी सारवून त्या उठत तेव्हा आपण रांगोळीचे कौतुक केले. तिच्याखालच्या जमिनीचे क्वचितच केले. जुन्या डेकची एखादी फळी कोठे संग्रहालयात पाहावयास मिळाली, तर तिची जाडी पाहावी. मूळच्या जाडीतून जेवढी कमी झाली, तेवढीच त्या माणसांच्या कामाची नोंद शिल्लक आहे.